उजव्याला कुंकू, डाव्याला हळद

चहा ओतून घ्या आधी. आणि हसायचं असेल तर मोकळ्या गळ्यानं हसा. तोंडावर पदर धरून फिदीफिदी केलेलं मला चालत नाही. फजिती माझी आहे, म्हणून मीच सांगणार. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर त्याची खैर नव्हती!

फजिती म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, म्हातारीला गाडीतलं काही कळत नसणार. तो गैरसमज इथंच काढून टाका. शाळा माझी सातवीत सुटली, पण पाना हातातून सुटला नाही. नवऱ्याच्या स्कूटरचं इंजिन मी पहिल्यांदा उघडलं ते तो कचेरीत गेल्यावर, त्याला न विचारता. संध्याकाळी तो आला तेव्हा स्कूटर चालू होती आणि दोन स्क्रू उरले होते. ते दोन स्क्रू अजून माझ्या डब्यात आहेत. स्कूटर पुढं चौदा वर्षं त्यांच्यावाचून पळाली!

इंग्रजी मी पार्टच्या खोक्यांवरून शिकले. एल म्हणजे डावं, आर म्हणजे उजवं. झोपेतनं उठवून विचारा. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर मी अडुसष्ट वर्षांची. कळंब्याच्या रस्त्याला आमचं घर, दारात माझी पांढरी गाडी. तिचं ऑइल, ब्रेक, बेल्ट, सगळं मीच बघते. शेजारच्या खोल्यांत माझी धाकटी जाऊ कमल राहते. ती देवभोळी, मी पानाभोळी. मुलगा प्रकाश पुण्याला ऑफिसात आहे. तिथं खुर्ची मोडली तरी दुसरा माणूस येऊन दुरुस्त करतो म्हणे.

शुक्रवारी संध्याकाळी तो आला. माझ्या गाडीत बसून जरा तिकटीपर्यंत, तीन रस्ते मिळतात तिथवर, गेलो, तर खड्ड्याखड्ड्याला पुढून टक, टक.

"आई, पुढचे शॉकअप गेलेत."

"ठाऊक हाय मला. तेल गळालंय. नवी जोडी आणून ठेवलीय. उद्या सकाळी बसवणार. परवा वारणानगरला बारसं हाय, भाचीच्या बाळाचं. गाडी घेऊन जायचंय."

त्यानं गाडी बाजूला घेऊन थांबवलीच. "बसवणार म्हणजे? तू? आई, त्यात स्प्रिंग असते. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरतं!"

"माणूस मरतं ते घाई केल्यावर. नीट दाबायची, नीट सोडायची. तुझ्या बापासंगं चाळीस वर्सं मी दुसरं काय केलं?"

"तुझं वय बघ!"

"गाडीचंबी बघ की. तिला कुणी घरात बस म्हणालंय का?"

पोरानं गाडी पुन्हा चालू केली. पण ते माझंच पोरगं. घरी आल्यावर जेवताना त्यानं डाव टाकला. "ठीक आहे, कर. मी समोर खुर्ची टाकून बसतो आणि सकाळपासनं सगळं फोनवर घेतो. एक चूक दिसली, एकच, की गाडीची किल्ली माझी. गाडी विकायची, विषय संपला."

"आणि न्हाय दिसली तर?"

"तर पुन्हा आयुष्यात शब्द काढणार नाही."

किल्ली गेली म्हणजे काय होतं, कळतंय का तुम्हाला? रिक्षा मिळते. बसही मिळते. जातं ते वेगळंच. आजवर मी कुणाला "मला जरा तेवढं सोडता का?" असं विचारलेलं नाही. ते विचारायची पाळी येते. भाकरीवरचा हात न काढता मी म्हणाले, "कबूल."

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी दोन्ही शॉकअप खोक्यांतनं बाहेर काढले. पुढचे शॉकअप डावे-उजवे वेगळे असतात, बरं का. खुणा करायला पेन वापरला तर तेलकट हातानं पुसला जातो. म्हणून माझी स्वतःची रीत आहे. तेलात कालवलेलं कुंकू उजव्याला, तेलात कालवलेली हळद डाव्याला. पेट्रोलनं पुसल्याशिवाय निघत नाही! ही युक्ती कुठल्या पुस्तकात नाही. खुणा केल्या, खोकी चुलीत घातली, झोपले.

सकाळी नऊ वाजता अंगणात जत्रा! आमच्या गल्लीत गाडीचं चाक काढलं तरी दहा माणसं गोळा होतात. इथं तर अक्का, म्हणजे मी, स्प्रिंग दाबणार म्हणून बातमी फुटलेली. शेजारचे चौगुले मास्तर तर घरातनं स्टूल घेऊनच आले.

"अक्का, ह्ये बायकांचं काम न्हवं."

"मास्तर, निवृत्त झाल्यापास्नं तुमचं तरी कुठलं काम ऱ्हायलंय? बसा तिथं. मागं. अजून मागं. भिंतीला पाठ लावा."

मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. जॅकनं गाडी उचलली आणि खाली स्टँड दिला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणाऱ्या माणसाला मी चहासुद्धा पाजत नाही. उजवं चाक काढलं. ब्रेकचा पाईप शॉकअपच्या कानातनं, म्हणजे त्याला धरणाऱ्या कडीतनं, सोडवला, खालचे दोन बोल्ट काढले, बॉनेटखालचे तीन नट काढले, आणि जुना शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर! मधल्या मोठ्या नटाला मी हात लावला नाही. तो नट म्हणजे त्या स्प्रिंगचं झाकण. आधी तो उघडला, की झाकण कुठं आणि उघडणारा कुठं!

प्रकाश खुर्चीत, फोन स्टुलावर रोखलेला. मी त्याच्याकडं न बघता स्प्रिंगला दोन शिकंजे लावले, आवळले की स्प्रिंग दाबतात ते, बरोबर समोरासमोर. एकाच बाजूला लावले तर स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि वाकली की निसटते. वरनं म्हशीची जुनी साखळी सैल गुंडाळली. म्हैस गेली, साखळी कामाला आली. काही बिघडलंच तर स्प्रिंग साखळीत अडकेल, मास्तरांच्या कपाळात नाही.

"कमळे, मोज!"

कमलला आकडे मोठ्यानं मोजायची लाज वाटते. ती जपमाळ घेऊन बसली. या बाजूला चार फेरे, चार मणी. त्या बाजूला चार फेरे, चार मणी. मशीनचा पाना नाही, हाताचाच, आणि तोही सावकाश. एका बाजूला जास्त आवळलं की दुसरी बाजू रुसते. स्प्रिंगचे वेढे एकमेकांच्या जवळ येऊ लागले. उभी होती ती माणसंही बसली! कुत्रंसुद्धा बसलं.

तेवढ्यात मास्तरांना राहवलं नाही. स्टूल सोडून पुढं आले आणि वरनं वाकून बघायला लागले.

"मास्तर! तोंड बाजूला! स्प्रिंगच्या डोक्यावर तोंड आणायचं न्हाय! कवळी पन्हाळ्यावर सापडंल तुमची!"

मास्तर असे मागं सरले की स्टूल आडवं झालं. लोक हसले. मी हसले नाही. कामाच्या वेळी मी स्वतः कधी स्प्रिंगच्या वर वाकत नाही. बाजूला उभी राहते आणि तोंड तिरकं ठेवते. हा माझा नियम, आणि याच नियमानं माझा घात केला. तो कसा, ते शेवटी.

स्प्रिंग हातानं फिरवून बघितली. सैल! दोन्ही टोकांवरचा ताण गेलेला. तेव्हाच मधला नट उघडला. कट्, कट्, निघाला. धडाम नाही, उडी नाही. झोपलेल्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसा. वरचं झाकण, रबर, सगळं क्रमानं फडक्यावर मांडलं. मग नव्या शॉकअपकडं हात केला. कुंकू दिसलं, म्हणजे उजवा. उचलला. दाबलेली स्प्रिंग शिकंज्यांसकट त्याच्यावर बसवली, तिचं खालचं टोक खाचेत टेकवलं, रबर, झाकण, नवा नट. मग पुन्हा चार फेरे इकडं, चार फेरे तिकडं, हळूहळू सोडली. कमलची माळ संपून दुसऱ्यांदा सुरू झाली. शिकंजे निघाले. शॉकअप तयार!

टाळ्या पडल्या, खोटं नाही सांगत. मी साखळी खांद्यावर टाकली आणि प्रकाशला म्हणाले, "चूक दिसली का रं?"

"अजून गाडीला बसायचाय, आई."

"त्यात काय हाय आता!"

त्यात काय होतं ते ऐका. शॉकअप जागेवर नेला. वरचे तीन नट बोटानं लावले. खालचे दोन बोल्टही गेले. आणि ब्रेकचा पाईप अडकवायला त्याचा कान शोधते, तर कान नाही! म्हणजे आहे, पण पलीकडच्या अंगाला. पाईप इकडं, कान तिकडं. ओढून बघितलं, वळवून बघितलं. पाईप काही पोचेना.

आता तुमच्यासारख्या माणसानं काय केलं असतं? खाली वाकून बघितलं असतं. मी काय केलं? फोन लावला!

पार्टच्या दुकानाचे आण्णा तीस वर्षांचे ओळखीचे. "आण्णा, दुकान बंद करा आन् हिकडं या!"

"अक्का, गिऱ्हाईक हाय समोर…"

"त्यालाबी आणा! तुमी काय माल विकताय ते त्यालाबी दिसू दे! कान उलट्या अंगाला बसवलाय कारखान्यानं! म्हातारी बघून गळ्यात मारलासा व्हय? सगळ्या गल्लीसमोर सांगते, आज तुमचा शॉकअप तुमच्याच दुकानाच्या दाराला टांगणार हाय मी!"

गल्ली खूश! मास्तर म्हणाले, "अक्का, हल्ली मालात दम न्हाय." मी म्हणाले, "माणसांत कुठं हाय?" प्रकाश तेवढा फोनकडं बघून गालात हसत होता. मला वाटलं, कारखान्याची चूक निघाली म्हणून हसतोय.

पंधरा मिनिटांत आण्णा आले, आणि खरोखरच स्कूटरवर मागं गिऱ्हाईक बसवून! आल्या आल्या चाकापाशी उकिडवे बसले. शॉकअपच्या बुडाला, कुंकवाचा टिळा होता तिथं, अंगठा लावला. मग रुमाल पेट्रोलमध्ये बुडवून तो टिळा पुसला.

"अक्का, हिकडं या. वाचा."

टिळ्याखाली कोरलेलं अक्षर. एल.

एल म्हणजे डावं. झोपेतनं उठवून विचारा म्हणाले होते ना मी? जागेपणी कुणी विचारलंच नाही!

"पण कुंकू हाय की हेला! उजव्याला कुंकू!"

"कुंकू त्यो तिकडं पडलाय त्यालाबी हाय," आण्णा म्हणाले. "हळदबी हाय. दोघांस्नी दोन्ही हाय. लग्न लावलासा का काय त्यांचं?"

आणलेलं गिऱ्हाईक इतकं हसलं की त्याला पाणी द्यावं लागलं.

माझ्या डोळ्यांपुढं लख्ख उजेड पडला. हळदकुंकू! या घरात नवी वस्तू आली, मग ती परात असो नाहीतर झाडू, तिला हळदकुंकू लावल्याशिवाय कोण राहत नाही?

"कमळे!"

"काय हो अक्का?"

"तूच! देवपूजा झाल्यावर करंडा घेऊन हिकडं आलीस! माझ्या खुणांवर हळदकुंकू वाहिलंस! चाळीस वर्सं सांगते, लोखंडात देव बघू नगंस!"

कमल उभी राहिली. जपमाळ हातात, डोळे भरलेले. "अक्का, तुमच्या हत्यारास्नी मी खंडेनवमीला सोडून हात लावत न्हाय. आईची आण! सक्काळपास्नं मी पोहे करत हुते. तुमीच खाल्लासा!"

"मग काय ते आपोआप लागलं?"

"मला काय ठावं! पण मी न्हाय!"

मी आणखी चढले. कमल, मास्तरांची सून, रात्री अंगणातनं गेलेलं मांजर, कुणालाही सोडलं नाही. गल्लीतल्या प्रत्येक करंड्याचा हिशेब मागितला. तेव्हा प्रकाश खुर्चीतनं उठला. अगदी शांतपणे म्हणाला, "आई, व्हिडिओ बघायचा का?"

"दाव! दाव सगळ्यास्नी!"

मीच म्हणाले हो! माझ्याच तोंडानं!

सगळी गल्ली फोनभोवती गोळा झाली. पडद्यावर सकाळचं अंगण. साडेसात वाजलेले. कोपऱ्यात दोन नवे शॉकअप, एकाला लाल खूण, एकाला पिवळी. डावीकडनं एक बाई येते. नुकती न्हालेली, ओले केस, ओठांत स्तोत्र, हातात करंडा. ती पहिल्या शॉकअपला हळद लावते, कुंकू लावते, नमस्कार करते. दुसऱ्याला हळद लावते, कुंकू लावते, नमस्कार करते. मग जॅकला. मग दोन्ही शिकंज्यांना. म्हशीच्या साखळीला. मग ती सरळ पुढं येते, आणखी पुढं येते, तिचा अंगठा मोठा मोठा होत जातो, आणि सगळा पडदा लाल!

फोनलाही लावलं होतं मी. स्टुलावर नवी वस्तू दिसली की!

आण्णा म्हणाले, "अक्का, ह्यो माल मातूर माझ्या दुकानातला न्हाय."

मी कमलकडं बघितलं नाही. बघवलं नाही. नुसतं म्हणाले, "पोहे चांगले झालते." आमच्या घरात याला माफी म्हणतात. तिच्या घरात म्हणत नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तसं बघितलं तर काम बिघडलं नव्हतं. स्प्रिंगा दोन्हीकडं सारख्याच असतात. तो शॉकअप काढला, डाव्या अंगाचाही जुना सोडवला, गाडीला वळसा घालून नवा तिथं नेला, तर कान अचूक पाईपपाशी! मग दुसरी स्प्रिंग दाबली. शिकंजे समोरासमोर, साखळी, चार फेरे, चार मणी. आर वाचून उजवा बसवला. मोठ्यानं वाचून! दुपारी दीडला गाडी चाकांवर. चाकांची सरळरेषा बघून घेतली, चक्कर मारली. खड्ड्यातनं गेली तर लोण्यातनं सुरी जावी तशी.

पण चूक ती चूक. मी शब्द दिला होता.

चार वाजता प्रकाश निघाला. त्याच्या गाडीपाशी मी उभी. कमरेच्या चंचीतनं किल्ली काढली. पितळी घोडा लावलेली. पन्हाळ्याला गेले होते तेव्हा तसले दोन घोडे घेतले होते, महत्त्वाच्या दोन किल्ल्यांना. खरं सांगू? डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं. म्हणून तोंड बाजूला केलं, स्प्रिंगपाशी करते तसं, आणि किल्ली त्याच्या तळहातावर टेकवली. तोही माझाच मुलगा. त्यानंही तोंड बाजूला केलं, न बघता किल्ली खिशात टाकली आणि गेला.

संध्याकाळी फोन. "आई, साताऱ्यात चहाला थांबलोय. ही गाडीची किल्ली नाही. ही तुझ्या कपाटाची आहे."

मी चंचीत हात घातला. दुसरा घोडा. गाडीची किल्ली!

आता तुमच्यापाशी म्हणून सांगते. त्याक्षणी मी फोनवर म्हणाले, "मग? तुला काय वाटलं, एवढ्या सहजी देईन?" तो हसला, म्हणाला, "आई, तुला मानलं!" दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सगळ्या गल्लीत सांगितलं, अक्कानं पोराला कसं गंडवलं. अजून लोक माझं कौतुक करतात. मीही करू देते.

पण मुद्दाम नव्हतं हो! खरोखर चुकले होते! एका दिवसात दुसऱ्यांदा!

आणि शिक्षा लगेच मिळाली. रविवारी बारशाला निघायचं, तर ठेवणीतली इरकल कपाटात, रोजच्या साड्याही त्यातच. कपाटाची किल्ली पुण्यात. दुसरी किल्ली? ती कपाटातच, सुरक्षित राहावी म्हणून. सासूचं लोखंडी कपाट ते. मी इंजिन उघडते, गिअरबॉक्स उघडते. सकाळी पावणेआठपर्यंत झटले, सासू काही उघडली नाही.

कमल तयार होऊन दारात आली. मोरपंखी काठाची साडी, डोक्यात गजरा. माझ्याकडं वरपासनं खालपर्यंत बघितलं.

"माझी एक साडी देऊ का अक्का? पण तिला कुंकू लागलं तर मला बोल लावू नगासा."

घेतली असती तर मी कसली? शनिवारच्याच साडीत, पदराला ऑइल, निऱ्यांना ग्रीस, गाडी चालवत वारणानगर गाठलं. कमल शेजारच्या सीटवर राणीसारखी. भाची दारात आली आणि म्हणाली, "मावशी, गाडीखालनं थेट आलीस व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. आणि मग सगळं कमलनं सांगितलं. पाळण्यापाशी उभं राहून, जपमाळेसकट.

मंगळवारी पुण्याहून कुरिअर आलं. आत कपाटाची किल्ली आणि प्रकाशची चिठ्ठी: 'गाडीची किल्ली राहू दे तुझ्याकडंच. फक्त वळताना हात बघ, कुंकू बघू नको.'

मी चिठ्ठी दोनदा वाचली. किल्लीकडं बघितलं. घरात आलेली वस्तू! उठले, करंडा घेतला आणि लावलं की हळदकुंकू. ती एकटी बरी दिसेना, म्हणून गाडीच्या किल्लीलाही लावलं.

आता त्यातली कपाटाची कुठली, एवढं जरा बघून सांगा बघू.